पातेलं, टोप की भगुणं? धंद्याच्या लिखाणात एका वस्तूला एकच नाव ठेवा



वाचायला सुरुवात करण्याआधी दोन मिनिटांचं एक काम करा. चार गोष्टी समोर घ्या: दुकानाच्या पाटीचा फोटो, बिलबुक, बँकेचं पासबुक आणि गूगल मॅप्सवरचं तुमच्या दुकानाचं पान. दुकान अजून सुरू व्हायचं असेल, तर व्हिजिटिंग कार्डाचा नमुना आणि व्हॉट्सॲप बिझनेसचं प्रोफाइल घ्या. आता सगळीकडचं नाव वाचा. अक्षर न् अक्षर तेच आहे का?

प्रत्येक बॅचमध्ये मी हे करून घेते आणि निम्म्या वर्गाच्या कपाळावर आठ्या येतात. समजा पाटीवर आहे 'समर्थ गृह उद्योग'. बिलावर 'श्री समर्थ गृहउद्योग'. बँकेत मालकिणीचं स्वतःचं नाव. गूगलवर 'समर्थ फराळ अँड मसाले'. आपल्याला माहीत असतं की हे सगळं एकच आहे. पण जो माणूस पहिल्यांदाच तुम्हाला पाच हजार रुपये पाठवतोय, त्याला ते कुठून कळणार?

परवाच्या व्हिडिओत मी पाटी आणि बिलाबद्दल बोलले होते. वेळेअभावी शब्दांचा भाग राहून गेला. तो इथे सविस्तर लिहिते, कारण धंद्यात शब्द बदलला की पैसे कुठून गळतात हे पटकन दिसत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते

हा शुद्धलेखनाचा तास नाही. ऱ्हस्व-दीर्घावरून कुणाचे मार्क कापायचे नाहीत. मुद्दा साधा आहे: एका गोष्टीला एकच शब्द, आणि एका शब्दाला एकच अर्थ. तुम्ही 'थालीपीठ' लिहा किंवा 'थालिपीठ' लिहा, दोन्ही लिहिणारे लोक आहेत. पण पाकिटावर एक, कॅटलॉगमध्ये दुसरं आणि बिलावर 'भाजणी पीठ' असं तिसरं नको. तीन नावं दिसली की गिऱ्हाइकाला तीन वस्तू वाटतात.

बीबीएला आम्हाला बिझनेस कम्युनिकेशनचा विषय होता. त्यात पत्राचा मायना शिकले. पण पातेल्याला कॅटलॉगमध्ये काय म्हणायचं, हे शिकायला भांड्यांच्या दुकानाच्या काउंटरवरच उभं राहावं लागलं. तिथे शिकलेलं चार भागांत सांगते.

१. तुमचं स्वतःचं नाव

आपल्याकडचे बहुतेक छोटे धंदे प्रोप्रायटरशिपचे असतात. म्हणजे कायद्याच्या नजरेत धंदा आणि मालक एकच. म्हणूनच जीएसटी नोंदणीत दोन नावं असतात: पॅनवरचं कायदेशीर नाव आणि धंद्याचं नाव, म्हणजे ट्रेड नेम. हे ट्रेड नेम भरताना जे स्पेलिंग टाकाल, ते पुढे वर्षानुवर्षं तुमच्या मागे येतं. म्हणून घाईत सीए किंवा एजंटवर सोडू नका. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या.

इंग्रजीत तर आणखी गंमत. 'गृह' लिहिताना कुणी 'जी-आर-यू-एच' लिहितं, कुणी 'जी-आर-यू-एच-ए', कुणी 'जी-आर-आय-एच-ए'. तिन्ही वाचताना 'गृह'च. पण बँकेच्या संगणकाला ती तीन वेगळी नावं दिसतात.

आता हे आणखी महत्त्वाचं का झालंय? यूपीआयने पैसे पाठवताना समोर बँकेतलं नाव येतं, हे तुम्ही रोज बघता. आरटीजीएस आणि एनईएफटीलाही पैसे जाण्याआधी खातेदाराचं नाव बघता यावं, म्हणून रिझर्व्ह बँकेने बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत तशी सोय द्यायला सांगितलं होतं. गिऱ्हाईक बिलावर 'समर्थ' वाचतं आणि मोबाइलवर भलतंच नाव बघतं, तेव्हा त्याचं बोट थांबतं. फसवणुकीच्या बातम्या त्यानेही वाचलेल्या असतात, त्याचं काही चुकत नाही. यावर उपाय दोन. जमत असेल तर धंद्याच्या नावाने चालू खातं उघडा. ते होईपर्यंत बिलावर क्यूआर कोडच्या खाली एक ओळ छापा: 'पैसे पाठवताना मालकांचं नाव दिसेल', आणि बँकेत आहे तसंच ते नाव तिथे लिहा.

पाटीचंही बघा. महाराष्ट्रात दुकानाचा फलक मराठीत, देवनागरी लिपीत असणं बंधनकारक आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हा नियम दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही लागू झाला, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. म्हणजे तुमच्या नावाचं मराठी रूप तुम्हाला ठरवावंच लागणार. ते पेंटर ठरवणार की तुम्ही?

गूगलचा नियमही ऐकून ठेवा. बिझनेस प्रोफाइलवर तेच नाव हवं, जे तुमच्या पाटीवर आणि छापील कागदांवर आहे. नावापुढे 'बेस्ट फराळ, स्वस्त दर' असं चिकटवलं, तर प्रोफाइल बंद होऊ शकतं.

आणि पुढे जाऊन ट्रेडमार्क घ्यायचा विचार असेल, तर अर्जात लिहिलेलं नाव आणि पाकिटावरचं नाव एकच ठेवा. नोंदणी १० वर्षांसाठी मिळते, मग तिचं नूतनीकरण करायचं. त्या मुदतीत दर दिवाळीला स्पेलिंगची फॅशन बदलली, तर नोंदवलेलं नाव एक आणि बाजारात वापरलेलं दुसरं, असं होऊन बसतं.

२. मालाची नावं

माझ्या दुकानात एकाच वस्तूला गिऱ्हाइकं काय काय म्हणतात बघा. मुंबईकडच्या ताई 'टोप' मागतात. पुण्याकडच्या 'पातेलं'. मराठवाड्यातले दादा 'भगुणं' म्हणतात आणि विदर्भातून आलेल्या काकू 'गंज'. उलथणं म्हणा, कालथा म्हणा, सराटा म्हणा, पोळी उलटतेच. ही आपल्या भाषेची श्रीमंती आहे आणि काउंटरवर तिचा आनंद घ्यावा.

पण स्टॉकच्या यादीत हीच श्रीमंती महागात पडते. समजा सकाळी बसणाऱ्या मुलाने खरेदीची नोंद 'पातेलं २४ सेंमी' अशी केली. संध्याकाळच्या मुलीने विक्री 'टोप २४ सेंमी' या नावाने टाकली. महिन्याच्या शेवटी संगणक सांगतो की पातेली बारा शिल्लक आहेत आणि टोप उणे सात. दुसऱ्या एका वस्तूचं उलटं होतं: एका नावाखाली शून्य दिसतं म्हणून तुम्ही नवी ऑर्डर देता, आणि दुसऱ्या नावाखाली सहा नग फळीवर धूळ खात असतात. ते सहा नग म्हणजे तुमचं भांडवल. व्याजाने आणलेलं असेल तर त्याचं व्याजही चालू आहे.

संगणक किती कडक असतो याचं एक मराठी उदाहरण देते. 'ॲल्युमिनियम'मधलं पहिलं अक्षर दोन प्रकारे टाइप होतं. एका प्रकारात ते अखंड एकच अक्षर असतं. दुसऱ्या प्रकारात 'अ' वेगळा आणि त्याच्यावरचा चंद्र वेगळा, अशी दोन चिन्हं असतात. डोळ्यांना फरक दिसत नाही. पण शीटमध्ये सूत्र लावून जुळवायला गेलात की दोन्ही वेगळे शब्द धरले जातात आणि हिशेब जुळत नाही. शब्दाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागासुद्धा हेच करते. म्हणून मालाचं नाव दर वेळी हाताने टाइप करायचंच नाही. एकदा यादीत बरोबर भरा आणि नंतर यादीतूनच निवडा. शीटमध्ये ड्रॉपडाउन असतो, टॅलीत आयटम निवडता येतो.

मग गिऱ्हाइकाच्या शब्दांचं काय? ते फेकून द्यायचे नाहीत. टॅलीमध्ये प्रत्येक आयटमला उपनाव देता येतं. 'टोप', 'भगुणं', 'गंज' तिथे टाका. शोधताना कुठल्याही नावाने सापडेल, पण बिलावर छापलं जाईल एकच. तोंडी बोलतानाही हीच पद्धत ठेवा. ताईंनी भगुणं मागितलं, तर "हो ताई, २४ सेंमीचं पातेलं आहे, दाखवते" असं उत्तर द्या. त्यांचा शब्द चुकीचा ठरवू नका, पण आपलं नाव त्यांच्या कानावर घाला.

नावाचा क्रमही ठरवा: वस्तू, धातू, माप, झाकण. 'पातेलं, स्टील, २४ सेंमी, झाकणासह'. पुढच्या वस्तूलाही हाच क्रम. यादी अकारविल्हे लावली की सगळी पातेली एकाखाली एक येतात.

३. पैशाचे शब्द

इथे मात्र सावकाश वाचा. खरं नुकसान इथेच होतं.

ॲडव्हान्स, डिपॉझिट, टोकन, बुकिंग, इसार. बोलताना आपण हे सगळे शब्द एकाच अर्थाने फेकतो. लिहिताना ते एक नाहीत. ॲडव्हान्स म्हणजे बिलातून वजा होणारी आगाऊ रक्कम. डिपॉझिट म्हणजे तारण म्हणून ठेवलेली, काम संपल्यावर परत द्यायची रक्कम.

माझ्या एका बॅचमधले दादा समारंभासाठी भाड्याने भांडी देतात. एका लग्नाचं भाडं ठरलं १८,००० रुपये. शिवाय मोडतोड आणि हरवलेल्या वस्तूंसाठी ५,००० रुपये डिपॉझिट. व्हॉट्सॲपवर दादांनी 'डिपॉझिट' असंच लिहिलं होतं. पण पावती लिहिली पुतण्याने आणि तिच्यावर लिहिलं, 'ॲडव्हान्स रु. ५,०००'. भांडी पोचली त्या दिवशी पार्टीने १३,००० रुपये दिले आणि पावती दाखवली: "ॲडव्हान्स वजा करून घ्या." लग्नाच्या गडबडीत दादा गप्प बसले. माल परत आला तेव्हा वाट्या कमी होत्या आणि एक मोठं पातेलं गायब होतं. आता कापून घ्यायला हातात काहीच नव्हतं. पार्टीही खोटं बोलत नव्हती, त्यांच्या हातातल्या कागदावर तसंच लिहिलेलं होतं. भरपाईची भांडी दादांनी माझ्याच दुकानातून नेली, म्हणून ही हकीकत मला बिलासकट माहीत आहे. त्याहून वाईट म्हणजे त्या घरातलं पुढचं लग्न दुसऱ्याकडे गेलं.

गेला होता फक्त एक शब्द.

असाच दुसरा जोड म्हणजे गॅरंटी आणि वॉरंटी. आपल्याकडे लोक 'गॅरंटी' ऐकतात तेव्हा 'बिघडलं तर नवीन मिळेल' असं समजतात. 'वॉरंटी' म्हटलं की दुरुस्ती. कंपनीच्या कार्डावर वॉरंटी लिहिलेली असते आणि आपण कुकरच्या खोक्यापुढे 'पाच वर्षांची गॅरंटी' असा कागद चिकटवतो. मग गास्केट फाटलं की गिऱ्हाईक नवा कुकर मागायला येतं. कार्डावर जो शब्द आहे तोच लिहा, आणि खाली 'कंपनीच्या अटींप्रमाणे' असं जोडा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापार प्रथांची जी यादी आहे, तिच्यात दिशाभूल करणाऱ्या वॉरंटी-गॅरंटीचाही समावेश आहे. तेव्हा हा फक्त भाषेचा विषय राहत नाही.

तिसरा शब्द परत. 'माल परत घेतला जाणार नाही' हे वाक्य आपण बिलावर सवयीने छापतो. त्याच कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर तेवढी मुदत, आणि काहीच लिहिलं नसेल तर ३० दिवस. म्हणून तीन शब्द वेगळे करा: 'बदलून मिळेल', 'दुरुस्त करून मिळेल', 'पैसे परत मिळतील'. यातलं तुम्ही कधी आणि किती दिवसांत काय करता, ते ठरवा. मग पाटीवर, बिलावर आणि व्हॉट्सॲपवर तेच वाक्य वापरा.

दरपत्रकात 'जीएसटीसह' आणि 'जीएसटी वेगळा' यातलं एक दर वेळी लिहाच. पाकीटबंद मालावरची एमआरपी सर्व करांसहितच असते, त्यामुळे तिच्यावर आणखी कर लावायचा प्रश्नच नाही. पण घाऊक कोटेशनमध्ये हे दोन शब्द राहून गेले, तर अठरा टक्क्यांच्या मालावर तुमचा नफा तिथेच संपतो.

४. वजन, तारीख, आकडे

पाकिटावर वजन लिहिताना मनाची चिन्हं चालत नाहीत. ग्रॅमसाठी इंग्रजीत 'जीएम' किंवा 'जीएमएस' नाही, नुसता लहान 'जी'. किलोसाठी लहान 'के' आणि लहान 'जी'. मापांची ही चिन्हं ठरलेली आहेत, आणि वैधमापनशास्त्र विभागाचे निरीक्षक पाकिटावरचा मजकूर तपासतात. हजार पाकिटं छापल्यावर चिन्ह चुकीचं निघालं तर भुर्दंड तुमचाच.

तारखेत महिना अक्षरात लिहा: '५ जून'. '५/६' लिहिलं तर आपण ५ जून वाचतो, पण काही सॉफ्टवेअर ६ मे समजतात. आणि 'परवा' हा शब्द धंद्याच्या लिखाणातून हद्दपार करा. मराठीत परवा मागेही जातो आणि पुढेही. "परवा माल पाठवला" आणि "परवा माल पाठवतो" यात फरक फक्त क्रियापदाचा, आणि घाईत लिहिलेल्या मेसेजमध्ये तेच गाळलं जातं.

आकडे मराठी लिहा किंवा इंग्रजी, पण एका कागदावर एकच लिपी. 'रु.' किंवा रुपयाचं चिन्ह, यातलंही एकच.

'आपण' की 'तुम्ही'?

हा खास आपल्या भाषेतला प्रश्न. सकाळच्या मेसेजमध्ये 'आपली ऑर्डर मिळाली आहे', दुपारी 'तुमचं पार्सल निघालं' आणि संध्याकाळी मुलाने लिहिलं, 'पत्ता पाठव'. गिऱ्हाइकाला वाटतं की तीन वेगवेगळी माणसं बोलतायत, आणि तिसरं जरा उद्धट आहे. कुठलंही एक निवडा. माझं मत विचाराल तर छोट्या धंद्याला 'तुम्ही' शोभतं. त्यात आदरही आहे आणि जवळीकही. 'तू' मात्र लेखी कधीच नको, गिऱ्हाईक कॉलेजचं पोर असलं तरी.

मग शुद्धलेखन?

ते हवंच, पण त्यासाठी पंडित व्हायची गरज नाही. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली १४ नियम दिले, १९७२ साली त्यात ४ नियमांची भर पडली. एकूण १८. रोजच्या कामासाठी मो. रा. वाळंबे यांचं 'मराठी शुद्धलेखन प्रदीप' किंवा अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' काउंटरवर ठेवा. तुमच्या धंद्यात वारंवार येणारे शब्द शे-दीडशेच्या वर क्वचितच जातात. तेवढे एकदा तपासून यादीत टाका, की दर वेळी डोकं खाजवायला नको.

शब्दयादी अशी बनवा

१. गोळा करा. आठवडाभर तुमची बिलं, मेसेज, पाकिटं, पोस्ट चाळा. एकाच गोष्टीची वेगवेगळी रूपं दिसली की वहीत उतरवा.

२. चार रकाने आखा. ठरलेला शब्द, त्याचा अर्थ, न लिहायचे शब्द, कुठे वापरायचा. उदाहरणार्थ: 'डिपॉझिट' – परत द्यायची रक्कम – ॲडव्हान्स, टोकन, बुकिंग नको – पावती आणि व्हॉट्सॲप.

३. ठरवणारा एकच माणूस. घरचा धंदा असेल तर चर्चा सगळ्यांनी करा, पण शेवटचा शब्द एकाचा. नाहीतर वहिनींची यादी वेगळी आणि दादांची वेगळी होते.

४. आधी फुकटातलं सुधारा. व्हॉट्सॲप, गूगल, शीट आजच बदलता येतात. छापील बिलबुकं आणि पाकिटं संपतील तशी नवीन छापताना बदला. फक्त कायद्याच्या दृष्टीने चुकीचं काही असेल तर थांबू नका.

५. टायपिंग टाळा. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये क्विक रिप्लाय तयार ठेवा. मोबाइलच्या कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात दुकानाचं नाव शॉर्टकटने भरा. दुकानातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तेच भरा.

६. छापखान्यात डोळे उघडे ठेवा. बऱ्याच ठिकाणी अजून जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट वापरतात. तुमचा मजकूर तिथे पुन्हा टाइप होतो आणि वेलांटी बदलते. प्रूफ मागा, यादी शेजारी ठेवा, एकेक अक्षर मिळवा आणि मगच 'छापा' म्हणा.

पहिली यादी एका पानाची असू दे. मोठी केलीत तर कुणी वाचणार नाही.

आणि कुठे सोडून द्यायचं तेही सांगते. गिऱ्हाइकाचं लिखाण कधी सुधारायचं नाही. गावाकडच्या बोलीत केलेली जाहिरात गोड वाटत असेल तर तिची बोली तशीच ठेवा. फक्त त्या जाहिरातीतही दुकानाचं नाव, मालाचं नाव, किंमत आणि अट हे चार शब्द यादीतलेच असू देत. बाकी मोकळं बोला.

आज रात्री शटर खाली ओढल्यावर अर्धा तास काढा. फक्त पैशाचे शब्द घ्या: ॲडव्हान्स, डिपॉझिट, गॅरंटी, वॉरंटी, परत, जीएसटीसह. प्रत्येकापुढे तुमच्या धंद्यातला अर्थ एका ओळीत लिहा आणि गल्ल्याच्या वर चिकटवा. उद्या सकाळी पावती लिहिणाऱ्याला तो कागद आधी वाचायला लावा, मग बिलबुक हातात द्या.